पोटातली गोष्ट

“गिळतेस, की तेवढीही हिंमत नाही?” छकू म्हणाली.

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. समोर खाटेवर तिची थोरली बहीण पडली होती, चेहरा पांढराफटक. लाँड्रीत इस्त्री करता करता ताई कोसळली होती. मालकाने तिला गाडीत घालून तातडीच्या विभागात आणलं, आणि घरचं माणूस कोण असं विचारल्यावर ताईने छकूचं नाव सांगितलं. छकू म्हणजे काही लहान पोर नव्हे. केस पिकले तरी ताईच्या तोंडी नाव तेच.

डॉक्टरीण वयाने लहान, पण बोलायला स्पष्ट. चक्कर, उलट्या, आणि शौचाला काळंकुट्ट होतं, हे तिने ताईकडून खोदून खोदून काढून घेतलं होतं.

“जठरात रक्त वाहत असलं की असं होतं, मावशी. दुर्बीण घालून बघणारे डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेत. तोवर ही कॅप्सूल गिळा. आत सेन्सर आहे. रक्त दिसलं की लगेच या यंत्राला कळवेल. दुसरी कुठली औषधं चालू आहेत?”

ताईने एकदा छकूकडे पाहिलं. “काही नाही.” मग कॅप्सूल बोटांत फिरवत तिने विचारलं, “आणि हिचं काम झाल्यावर?”

“आपोआप पडून जाईल.”

“बरंय. निरोप दिला की पाहुणी चालती झाली.” ताईने कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि घोटभर पाण्याबरोबर गिळून टाकली. मघाशी सलाइनची सुई चुकून पुन्हा टोचावी लागली, तेव्हाही तिने हूं की चूं केलं नव्हतं.

म्हणूनच ताईने मागे दिलेलं कारण छकूच्या घशाखाली उतरत नव्हतं. छकूच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, दिवसाआड डायलिसिस चालू होतं. नवऱ्याचा रक्तगट जुळत नव्हता, ताईचा जुळत होता. छकूने मनाचा हिय्या करून किडनी देशील का विचारलं, तर ताई म्हणाली, “नको गं. मला ऑपरेशनची भीती वाटते.” लहानपणी अंगावर आलेल्या कुत्र्याला नुसत्या चपलेने पिटाळून छकूला कडेवर उचलणारी ही ताई! छकू ‘ठीक आहे’ म्हणाली आणि त्या दिवसापासून तिने बोलणंच टाकलं. ताई डबा घेऊन यायची. छकू दार उघडायची, डबा घ्यायची, दार लावायची.

आता डॉक्टरीण यंत्राकडे डोळे लावून बसली होती. ताई डाव्या कुशीवर निपचित पडली होती. पांघरुणाबाहेर आलेले तिचे पाय छकूने सहज आत सरकवायला धरले, तर ते बर्फासारखे गार. तिने आपली शाल काढून त्या पायांना गुंडाळली आणि वरून घट्ट धरून बसली. किडनी नको, काही नको, ही फक्त उठून बसू दे, असं ती मनातल्या मनात म्हणत राहिली.

“रक्त नाही,” डॉक्टरीण म्हणाली. तिने यंत्र पुन्हा तपासलं. “थेंबभरसुद्धा नाही. मग काळं कशाने?” ती खाटेजवळ आली. “मावशी, रक्तवाढीच्या गोळ्या घेता का? लोहाच्या?”

“छकू, जरा बाहेरून पाणी आण ना.”

“पाणी इथेच आहे.” छकू हलली नाही.

ताईने डोळे मिटून घेतले. “घेते.”

“किती?”

“एक सांगितली होती. मी सकाळ, दुपार, संध्याकाळ घेते. उपाशीपोटी. लवकर लागू पडावं म्हणून.”

डॉक्टरिणीने कपाळावर हात मारला. “म्हणून उलट्या, म्हणून काळं! अहो, जिवाशी खेळ झाला असता. दिल्या कोणी?”

“इथेच. वरच्या मजल्यावर. किडनीच्या डॉक्टरांनी.”

छकूच्या हातातली शाल सुटली. “तू वर गेली होतीस? कधी?”

“तू विचारायच्या आधीच.” ताईचा आवाज एवढासा झाला. “रक्त फार कमी आहे म्हणाले. वाढलं तर बघू, नाहीतर तुमचा विचारच नको. तुला काय सांगणार होते? हो म्हणून आशेला लावायचं आणि मग त्यांनी मला परत पाठवायचं? त्यापेक्षा तू मला भित्री म्हटलेलं परवडलं.”

डॉक्टरिणीने थोड्या वेळापूर्वीच्या रक्ततपासणीचा आकडा पाहिला, वरच्या मजल्यावर फोन लावून जुना आकडा विचारला. “वाढलंय,” ती म्हणाली. “पुरेसं नाही अजून, आणि पुढे तपासण्या पुष्कळ आहेत. पण वाढलंय. आता पोट निवेपर्यंत गोळी बंद. मग एकच. आज तुम्ही इथेच राहायचं.” आणि ती दुसऱ्या खाटेकडे वळली.

छकूने शाल पुन्हा गुंडाळली, उशी सारखी केली, नाक पुसलं आणि एकदम फणकारली, “अक्कल गहाण टाकली होतीस का गं? यापुढे गोळी माझ्यासमोर घ्यायची. जेवून. रोज मी येणार आहे बघायला.”

इतक्या महिन्यांनी छकू तिच्याशी भांडत होती. ताईने हळूच मान वळवून तिच्या चेहऱ्याचा अंदाज घेतला.

“म्हणजे,” तिने भीत भीत विचारलं, “माझी किडनी घेशील ना गं तू?”