रविवारचा लझानिया

मुलुंडमध्ये ज्येष्ठांसाठीच्या तीन सोसायट्या पाहून झाल्यावर रत्नप्रभाबाईंनी मुद्दाम खाली इटालियन रेस्टॉरंट असलेली निवडली.

“आई, तुला चीज पचत नाही. तिथे काय खाणारेस तू?” मुलगा, सुशांत, वैतागला होता.

“तुझ्या शर्वीला आवडतं ना? मग या की दर रविवारी.”

आणि लझानिया खरंच इतका झकास निघाला, की सहा महिने एकही रविवार चुकला नाही. नातीची प्लेट रिकामी होईपर्यंत बाई समोर घरून आणलेली पेज पीत बसायच्या.

आज दोन वाजले तरी कोणी आलं नाही, म्हणून त्यांनीच फोन लावला. शर्वीने तो तोंडात घास असतानाच उचलला.

 

 

“आजी, तुमचे हॉटेलवाले आता घरीच पाठवतात! यायलाच नको.”