तात्यांची शिदोरी

लढाईच्या दिवसांत तरणी माणसं फौजेत गेली, त्यातच सांगलीतली एक पेढी लोकांच्या ठेवींसकट बुडाली. तेव्हापासून हळदीच्या पेठेत कामाला म्हातारी माणसंच दिसू लागली. शरयूचे सासरे तात्याही एका अडत्याकडे कारकुनीला लागले. पण मग ते घरी जेवेनासे झाले. "बांधून दे, तिथंच खाईन," म्हणायचे, आणि पोळ्याही दोन जास्त मागायचे.

शेजारीण कानाशी लागली, "तुझे सासरे रोज कुणा बाईबरोबर जेवतात हो!"

शरयूच्या मनात संशयानं घर केलं. सासूबाईंना जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि या वयात हे?

एका दुपारी ती तडक पेठेत गेली. वखारीमागं बायका हळद निवडत होत्या. त्यांतल्याच एका पाठमोऱ्या म्हातारीपुढं तात्या शिदोरी सोडत होते. दोघांनाही जाब विचारायचा म्हणून शरयू तावातावानं पुढं झाली, तोच म्हातारी बोलली आणि तो आवाज ऐकून ती तिथंच थांबली.



"व्याहीबुवा, पेढीबरोबर माझंही सगळं बुडालं, हे माझ्या शरयूला कधी कळू देऊ नका हं."