कोपऱ्यातलं पाऊल

रांगोळी चोरलेली आहे, अशी तक्रार करून एका कंपनीने मृण्मयीच्याच रांगोळीचा फोटो तिच्या पेजवरून काढायला लावला, तेव्हा लेकीला कडेवर घेऊनच तिने कंपनीला फोन लावला.

"मॅडम, डिझाइन आमच्या कलाकाराचं आहे. कोपऱ्यातलं लक्ष्मीचं पाऊलसुद्धा त्यांनीच काढलंय."

मृण्मयीला हसूच फुटलं. "अहो, ते काढलेलं नाही, उमटलंय! माझी लेक रांगोळीत घुसली होती. तिला उचलतानाचा व्हिडिओ आहे माझ्याकडे. पाठवू?"



संध्याकाळी फोटो परत दिसू लागला. सोबत कंपनीची माफी, आणि विचारणा: आमच्याकडच्या फोटोखाली नाव काय टाकू?

मृण्मयीने ऐटीत लिहिलं, "रांगोळी : मृण्मयी तांबट. पाऊल : कुमारी शर्वी तांबट, वय वर्षे दीड."