मागची जागा

"तात्या, शाहिरांचा आवाज कुठंच टेप झालेला नाही. आमच्या संग्रहासाठी त्यांचा पोवाडा आता तुम्हीच म्हणा," मुलीनं माईक पुढं सरकवला.

"मी झीलकरी, ताई. त्यांच्या मागं उभं राहून 'जी रं जी' म्हणायचो."

"पण शब्द पाठ आहेत ना?"

पाठ होते. शाहीर गेले, साथीदारही गेले. फडातला तो एकटाच उरला होता. डफ घेऊन तो जन्मात पहिल्यांदा पुढं उभा राहिला.

आवाज चढला, पोवाडा रंगला. झीलकऱ्यांची जागा आली तसा तो थांबला आणि वळून त्यानं मागं बघितलं. मागं कोरी भिंत होती.

शाहीरही तिथं दर वेळी असंच वळून बघायचे. आपण अंगचोरपणा करतोय का ते बघतात, असं वाटून त्याला फार राग यायचा.

"काय झालं, तात्या?"

तो डफ खुर्चीवर ठेवून मागं भिंतीपाशी, आपल्या जुन्या जागी जाऊन उभा राहिला आणि माईकपुढच्या रिकाम्या जागेकडं बघत खड्या आवाजात म्हणाला, "जी रं जी!"