होडीच्या गेमचे मार्क

प्रितमने व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये जोरात फुंकर मारली आणि कल्पिता बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली. आता ओरडा बसायला हवा होता. थुंकीने पिना गंजतात, कॅसेट स्पिरिट लावून कापसानेच पुसायची, हा या घरातला कायदा होता. बाबा, म्हणजे सहदेव पाटील, पलंगाच्या कडेला बसून हसऱ्या चेहऱ्याने टीव्हीकडे बघत होते. टीव्ही अजून काळाच होता.

"कुठलीये ही?" प्रितमने विचारलं.

"होडीची. लाव."

भावंडांचं ठरलं होतं ते असं. एकच गेम. बाबांनी तो ओळखला तर टिटवाळ्याच्या वृद्धांच्या केंद्रातून येणारी गाडी नको म्हणून कळवायचं. नाही ओळखला तर दुपारी बाबा त्या गाडीत बसणार. ही अट कल्पिताची. प्रितमने काही अट घातली नाही. मंगळवारी कोणाचा तरी फोन आल्यावर माजिवड्याच्या पुलाखालून, भर ट्रॅफिकमधून, त्यानेच बाबांना हाताला धरून घरी आणलेलं.

कंपनीतून रिटायर झाल्यावर बाबांनी जुने व्हिडिओ गेम जमवले आणि एकेक करत सगळे खेळून काढले. गेम संपवल्याशिवाय मार्क द्यायचे नाहीत आणि देताना कोणाची भीड धरायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. साऱ्या जगाने डोक्यावर घेतलेल्या गेमला त्यांनी सहा दिले होते. आठाच्या वर कुठलाच गेम गेला नव्हता. कल्पिता वाद घालायची, तेव्हा म्हणायचे, "धा दिलं त फुडच्याला कं देव, गो बाय?"

होडीच्या गेमला शून्य होतं. त्यात बटण सोडलं की होडी जागच्या जागी थांबायची, आणि बाळकुमच्या खाडीवर वाढलेल्या माणसाला ते सहन होत नसे. "ज्यानं बनवला त्यानं पानी बघलंच नय. होरी अशी थांबते कं कवा?" असं बडबडत त्यांनी तो गेम पुन्हा पहिल्यापासून संपवला होता, शून्य पक्कं करायला.

कल्पिताने म्हणूनच तो निवडला. चांगला गेम कोणालाही आवडला असता. या गेमचा राग मात्र फक्त बाबांनाच यायचा.

पडदा निळा झाला. तिने गेमचा रिमोट बाबांच्या हातात दिला. त्यांचे अंगठे आपोआप आपल्या जागी गेले.

"बघ ताई, हात बरोबर गेले," प्रितम हळूच म्हणाला.

होडी निघाली. बाबांनी अंगठा उचलला, होडी पाण्यात खिळल्यासारखी थांबली. बाबांनी होडीकडे बघितलं. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा सोडलं. होडी पुन्हा तशीच थांबली.

"बाबा, कशीये होडी?"

"छान आहे," बाबा म्हणाले. परक्याच्या पंगतीत भाजी कशी झाली विचारल्यावर माणूस सांगतो, तसं.

प्रितम त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "बाबा, मार्क किती? सांगा ना. किती मार्क द्यायचे?"

बाबांनी भुवया आक्रसल्या. खालचा ओठ दातांत धरला. अगदी पूर्वीसारखा. कल्पिता पुढे झुकली.

"दहा," ते म्हणाले. "दहापैकी दहा."

प्रितम हसला. मग हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. "दहापैकी बोलले गं. मी कुठे बोललो दहापैकी? त्यांचं त्यांनाच आठवलं ना?" त्याने खिशातून फोन काढला. "मी गाडीवाल्याला नको सांगून टाकतो. आपण बघू ना काहीतरी. मी नाईट शिफ्ट बंद करून घेतो. काय, ताई?"

प्रितमला गेममध्ये कधीच रस नव्हता. बाबांच्या मार्कांचे वाद चालायचे तेव्हा तो मैदानात असायचा. होडीच्या गेमचं शून्य या घरात दोघांनाच माहीत होतं. आता एकीला.

कल्पिता भावाकडे बघत राहिली. त्याचा चेहरा किती दिवसांनी मोकळा झाला होता. तिने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मग पुढच्या मंगळवारी पुन्हा कोणाचा तरी फोन आला असता, आणि त्या वेळी बाबा पुलाखाली उभे असतेच असं नाही.

"गाडी येऊ दे," ती म्हणाली.

"अगं, पण दहा दिले ना त्यांनी."

"हो," ती म्हणाली. "दहा दिले."

प्रितमने फोन खिशात ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

केंद्रातल्या बाईंनी सांगितलं होतं, तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, तेव्हा प्रत्येक कपड्यावर नाव घालून आणा. कल्पिताने कपाटातून बाबांचे शर्ट काढले, मार्कर घेतला आणि जमिनीवर बसली. पहिल्याच शर्टाची कॉलर हातातून सुटत राहिली. शाई कापडात पसरायला लागली.

बाबांनी रिमोट बाजूला ठेवला. गुडघ्यांवर हात टेकून ते सावकाश खाली बसले आणि कॉलरची दोन्ही टोकं चिमटीत धरून त्यांनी ती ताणून तिच्यासमोर धरली.

"घाई करू नका," ते म्हणाले. "लिहा. मी धरलंय."