मागची सीट

धारच्या द्वारकाआत्याला मराठीत हिंदीचा खडा चालत नाही. परवाच तिचा भाचा विहंग चहा संपवून म्हणाला, "कप खाली झाला," तर तिनं त्याचा कानच धरला. "हिंदी शाळेत दोस्तांना 'भिया, भिया' करत शिकलास म्हणून काय झालं? खाली म्हणजे जमिनीकडे. कप रिकामा होतो, मेल्या!"

विहंग आणि ऋजुताच्या लग्नाला महिना झालेला, आणि दारात नवी कोरी हॅचबॅक. आठ दिवस तो गल्लीभर तिचे गुण गात होता: छतातून आभाळ दिसतं, रस्त्यावर लोण्यासारखी मऊ चालते. रविवारी त्यानं आणि ऋजुतानं दोघांनीच देवासच्या टेकडीला जायचं ठरवलं. निघताना बघतात तर आत्या पिशवी घेऊन फाटकाशी उभी.

गाडीला एकाएकी दोष फुटले.

"आत्या, दिसते तेवढी बरी नाही गं ही. स्पीडब्रेकरवर पोट घासतं. डिक्कीत तुझी पिशवीसुद्धा मावायची नाही."

"मांडीवर घेईन."

ऋजुतानं डोळे मोठे केले. विहंगला आत्याचे दुखरे गुडघे आठवले, आणि त्यानं अगदी तिनं शिकवलेल्या शुद्ध मराठीत शेवटचा डाव टाकला. "आणि मागची सीट फारच खाली आहे गं. तुला बसता-उठताना..."

आत्यानं त्याला पुढं बोलूच दिलं नाही. दार उघडून ती आत शिरलीसुद्धा.

 

"खाली आहे ना, भिया? मग रिकामी कशाला न्यायची!"