डावीकडचा दिवा

तुळशीचे लग्न उरकल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, वाईच्या बाजारपेठेतील आपल्या स्टुडिओत पोंक्षे दिव्यांवरच्या दोन पांढऱ्या छत्र्या उघडत होते. स्थळासाठीच्या फोटोला दोन्ही बाजूंनी सारखा, मऊ प्रकाश द्यावा, म्हणजे चेहऱ्यावरचे डाग बुजतात, असा त्यांचा शिरस्ता होता.

समोर बसलेल्या रेवतीच्या डाव्या गालावर भाजल्याचा जुना व्रण होता. “गेल्या वर्षीसारखाच काढा, पोंक्षे. व्रण मुळीच दिसला नव्हता,” तिचे वडील म्हणाले.

“म्हणूनच पाहुणे आले, काका,” रेवती पोंक्ष्यांना हसून म्हणाली, “आणि मला पाहताच पोह्यांना हात न लावता उठले. आता जे येतील त्यांनी निदान पोहे तरी खावेत!”

तोच फोटो पोंक्ष्यांनी कौतुकाने दर्शनी काचेत लावला होता. ते ओशाळले. त्यांनी उजवीकडचा दिवा मालवला, डावीकडची छत्री काढली आणि उघडा प्रकाश तिच्या गालावर तिरपा सोडला. व्रण उठून दिसला. आणि मऊ प्रकाशात बुजून गेलेली तिची खळीही.

वडील कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले. “ही खरी आमची रेवती,” ते म्हणाले. “हाच पाठवा.”